ज्येष्ठतेच्या यादीतील एक नाव

परमुलखात नोकरी करणाऱ्या मराठी अधिकाऱ्यास दोन याद्या मुखोद्गत असतात. एक आपल्या खात्यातील ज्येष्ठतेची आणि दुसरी मराठी क्रिकेटपटूंची. पहिलीविषयी तो घरी बोलतो, दुसरीविषयी मंडळात. रायपुरातही निराळे काही घडत नाही. गणेशोत्सवातील कार्यक्रम आटोपला, प्रसाद झाला, की खुर्च्यांचे एक कोंडाळे जमते आणि देवधर, हजारे, वाडेकर, गावसकर, वेंगसरकर, तेंडुलकर अशी नामावळी सुरू होते. नागपूरच्या बाजूचा कोणी असल्यास तो नायडूंवर आपला हक्क सांगतो. आणि कर्नल नायडू मराठी नसले तरी आमच्या नागपूरचे, या मुद्द्यावर त्याला कोणी अडवीत नाही.

ही यादी बहुधा देवधरांपासून सुरू होते. त्यापूर्वीचे पान कोणी उलटीत नाही. त्या पानावर एक नाव आहे. बाळू बाबाजी पालवणकर.

ज्येष्ठता म्हणजे काय, डावलले जाणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांस मी सांगावयास नको. आपल्यामागून आलेला मनुष्य आपल्या डोक्यावरून पुढे गेला म्हणजे आपण अर्ज करतो, विनंतीपत्र धाडतो, फारच झाले तर न्यायालयाची पायरी चढतो. कागदावर तारखा असतात आणि त्या तारखा आपल्या बाजूने बोलतात. बाळूंच्या बाजूने बोलावयास केवळ त्यांनी घेतलेले बळी होते. ते इतके होते की दुसरा पुरावा लागू नये. पण पुराव्याने सुटणारा तो प्रश्नच नव्हता.

घराणे मूळचे कोकणातल्या पालवणचे, जातीने चर्मकार. वडील लष्कराच्या नोकरीत. बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडास झाला आणि बालपण पुण्यास गेले. गोऱ्या अंमलदारांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन हे चौघे भाऊ, बाळू, शिवराम, विठ्ठल आणि गणपत, खेळ शिकले. बाळूंची पहिली नोकरी पुण्यातील पारशांच्या एका क्लबात, खेळपट्टीची निगा राखण्याची. पगार महिना तीन रुपये. १८९२ मध्ये ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले आणि पगार एका रुपयाने वाढला. काम तेच. पट्टीवर रूळ फिरवावयाचा, चुन्याच्या रेघा मारावयाच्या, सरावासाठी जाळी उभारावयाची, आणि उरलेल्या वेळात साहेबांना चेंडू टाकावयाचे.

या उरलेल्या वेळातून एक कलावंत निर्माण झाला. ग्रेग नावाचा त्या क्लबाचा मोठा फलंदाज इतरांच्या आधी येऊन बाळूंकडून तास-तास चेंडू टाकवून घेई. आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे, असा त्याचा करार होता असे सांगतात. हिशेब करू लागलो तर गंमत वाटते. महिन्यातून आठ वेळा ग्रेग बाद झाला की बाळूंचा पगार दुप्पट होई. डाव्या हाताने संथ चेंडू टाकणारा हा गडी चेंडूस दोन्हीकडे वळवी, उंची बदली, वेग बदली, आणि त्याचा टप्पा कधी चुकत नसे. ज्याने रोज सकाळी त्या जमिनीवर रूळ फिरवला, तिच्या कुठल्या भागात ओल उरते आणि कुठे भेग पडते हे हाताने चाचपून पाहिले, त्याला ती जमीन साहेबापेक्षा अधिक कळावी हे स्वाभाविकच म्हणावयाचे. परंतु चेंडू टाकणे ही मजुरी आणि फलंदाजी हा मान, अशी त्या काळी वाटणी होती. पूना क्लबाने बाळूंकडून हजारो चेंडू टाकवून घेतले. त्यांच्या हाती बॅट मात्र दिली नाही.

पुण्याच्या हिंदूंनाही गोऱ्यांशी सामने खेळावयाचे होते आणि जिंकावयाचे होते. बाळूंना घ्यावे की न घ्यावे, यावर बराच खल झाला. क्लबातील काही तेलुगू सभासद अनुकूल होते, प्रतिकूल होते ते मराठी ब्राह्मण. हे वाक्य मी मुद्दाम लिहितो. आपण परप्रांतात आलो म्हणजे तेथील लोकांच्या रूढींविषयी जरा वरच्या सुरात बोलतो, आणि महाराष्ट्र म्हणजे फुले, रानडे आणि आगरकर एवढेच सांगतो. बाळूंना आत घेण्यास तयार असलेली माणसे मराठी बोलत नव्हती, एवढे आपल्या स्मरणात असलेले बरे. अखेर विजयाच्या लोभाने जातीवर मात केली, पण ती मैदानापुरतीच. चहाच्या वेळी इतर गडी आत चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत आणि बाळूंना बाहेर मातीच्या परळातून तो मिळे. परळ मागाहून फेकून देण्यात येई. जेवणास त्यांचे ताट वेगळे, मेज वेगळे. हात-तोंड धुवावयाचे झाल्यास पाणी देणारा मनुष्यही त्यांच्यासारखाच अस्पृश्य असावा लागे. ज्या चेंडूस त्यांची बोटे लागली तो चेंडू मात्र अकराही जण निःशंकपणे झेलीत. विटाळाचे शास्त्र फार सूक्ष्म आहे. चामड्याच्या चेंडूस त्यातून सूट होती.

साताऱ्याच्या गोऱ्यांनी बाळूंची इतकी धास्ती घेतली की सामन्यापूर्वी कित्येक दिवस आपल्या माणसाकडून पट्टीवर रूळ फिरवून ती निर्जीव करून ठेविली. बाळूंनी तीवर सात गडी बाद केले. रूळ फिरविण्यात आपल्या हयातीचा भाग घालविलेल्या माणसावर रुळाची मात्रा चालावी तरी कशी? पुढे पुण्यात त्यांचा सत्कार झाला, तेव्हा न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांच्या गळ्यात हार घातला आणि ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवावयासही बसा, अशा अर्थाचा उपदेश केल्याचे नमूद आहे. उपदेश ऐकण्यात पुणे कधीच मागे नव्हते.

१८९६ मध्ये प्लेग आला आणि पालवणकर मंडळी मुंबईस गेली. तेथे हिंदू जिमखान्याने काही कुरकुर होऊन का होईना, बाळूंना आत घेतले, आणि बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत त्यांना नोकरी मिळाली. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईस हिंदू विरुद्ध युरोपियन असा जो सामना झाला, तो जुन्या लोकांच्या तोंडी अनेक वर्षे होता. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ आणि दुसऱ्यात १६० धावा केल्या. युरोपियनांच्या १९१ आणि १०२ झाल्या. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळूंनी दोन्ही डावांत मिळून आठ गडी बाद केले, आणि त्यांचे बंधू शिवराम त्याच संघात होते. स्वदेशीचे दिवस होते, वंगभंगाची चळवळ तापलेली होती. लोकांनी या विजयात आपल्याला हवे ते पाहिले. सुधारकांच्या पत्रांना आणखी एक गोष्ट दिसली. पुण्यात ज्याला बाहेर चहा मिळे, तो मुंबईत आपल्या सहकाऱ्यांबरोबर एका पंक्तीस बसला होता.

१९११ मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ प्रथमच विलायतेस गेला. बाळू आणि शिवराम दोघेही त्यात होते. महाराजांना मेजवान्यांतून खेळावयास फारशी सवड मिळाली नाही. २३ सामन्यांपैकी संघाने सहा जिंकले, पंधरा हरले. या पडझडीत एक मनुष्य उभा राहिला. बाळूंनी दौऱ्यात ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. वय पस्तिशीच्या घरात, खांदा दुखरा, हवा परकी, जमीन परकी. आपल्या सगळ्या यशस्वी डावखुऱ्या गोलंदाजांचा मूळपुरुष शोधावयाचा झाल्यास तो येथे सापडतो. परत आल्यावर मुंबईच्या दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या काळी एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांना बाळू हे अभिमानस्थान होते.

विलायतेत त्यांना काय दिसले असेल, याचा विचार मी पुष्कळदा करतो. तेथेही एक जातिभेद होताच. हौशी खेळाडू ते ‘जंटलमन’ आणि पैसे घेऊन खेळणारे ते ‘प्लेअर’. दोघांच्या खोल्या वेगळ्या, मैदानात उतरण्याचे दरवाजे वेगळे. आणि हा भेद कागदोपत्री १९६२ पर्यंत टिकून होता. ऱ्होड्ससारखा असामान्य गोलंदाजही पेशाने ‘प्लेअर’ असल्यामुळे इंग्लंडचा कर्णधार झाला नाही. मात्र त्याचा चहाचा पेला फोडून टाकण्यात येत नसे.

त्याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास एक निराळीच कथा चालू होती. ऑस्ट्रेलियन लोकांचा स्वतःचा असा एक फुटबॉल आहे. चेंडू लांबट, मैदान अंडाकृती, एका बाजूस अठरा गडी. मेलबर्नच्या फिट्झरॉय संघाकडून ज्यो जॉन्सन नावाचा खेळाडू १९०४ पासून १९०६ पर्यंत ५५ सामने खेळला. १९०४ आणि १९०५ या दोन्ही वर्षी फिट्झरॉय विजेता ठरला आणि दोन्ही वेळा जॉन्सन संघात होता. तेथील श्रेष्ठ संघांच्या स्पर्धेत खेळलेला पहिला आदिवासी म्हणून आज त्याचे नाव घेतात. मुंबईत बाळू आणि मेलबर्नमध्ये जॉन्सन, एकमेकांची गंधवार्ताही नसलेले हे दोन पुरुष, एकाच दशकात आपापल्या समाजाला एकच अवघड प्रश्न घालीत होते. आपला संघ जिंकावा असे वाटते ना? मग मला वगळून दाखवा.

हे सारे पुस्तकी पांडित्य वाटेल. सिलतऱ्यास येईपर्यंत मलाही ते बरेचसे तसेच वाटत असे.

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याने उत्तरेस निघाले म्हणजे सिलतरा लागते. एके काळी धानाची शेते असलेल्या या भागात आता स्पंज आयर्नच्या भट्ट्या, पोलादाच्या गिरण्या आणि त्यांच्या वीजनिर्मितीच्या चिमण्या उभ्या आहेत. येथे झाडाची पाने हिरवी असतात हे पहिला पाऊस पडला म्हणजे कळते. एरवी त्यांवर कोळशाचा बारीक थर असतो. छत्तीसगढ हा कधीकाळी नागपूरकर भोसल्यांचा मुलूख; बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास राहून येथील कारभार पाहिला. तेव्हा मराठी अंमलदार येथे नवा नाही. परंतु सिलतऱ्यातील मजूर ज्याचे नाव घेऊन सकाळी फाटकाशी उभा राहतो, तो अंमलदार नसून ठेकेदार असतो.

गेल्या हिवाळ्यात तेथील एका कारखान्याच्या मैदानावर सरकारी अधिकारी विरुद्ध कारखान्याचे कर्मचारी असा स्नेहसामना ठरला. मला क्रिकेट बेताचेच येते; पण वयपरत्वे माझी नेमणूक पंच म्हणून झाली. मी लवकर पोहोचलो. एक तरुण पट्टीवर रूळ ओढीत होता. ओढून झाल्यावर त्याने चुन्याच्या रेघा मारल्या, यष्ट्या ठोकल्या, आणि मग सरावास आलेल्या दोघा साहेबांना चेंडू टाकू लागला. डाव्या हाताने. चार-पाच चेंडू पाहताच मी उभा राहिलो. साहेबांची बॅट एकीकडे आणि चेंडू दुसरीकडे, असा प्रकार चालला होता. साहेब हसत होते, तोही लाजून हसत होता.

सामन्याच्या वेळी कारखान्याच्या संघात एक गडी कमी भरला. मी व्यवस्थापकांस म्हटले, “हा मुलगा आहे की!” ते सौजन्याने म्हणाले की, सामना कर्मचाऱ्यांचा आहे आणि याचे नाव कारखान्याच्या पटावर नाही. मी त्या मुलाकडे पाहिले. तो म्हणाला, “मोर नाव त ठेकेदार के खाता म हे, साहेब.” त्याच्या स्वरात तक्रार नव्हती, आपण आपला हुद्दा सांगावा तसे त्याने ते सांगितले. अकरावा गडी म्हणून एका अधिकाऱ्याचा सुट्टीवर आलेला भाचा खेळला. त्याचे नाव तरी कोणत्या पटावर होते, असे मी विचारले. सगळे हसले आणि नाणेफेक झाली.

चहा आला तो आम्हाला बशीसहित चिनी मातीच्या कपांतून आणि सीमारेषेपलीकडच्या मंडळींना कागदी पेल्यांतून. कोणाच्याही मनात विटाळ नव्हता, हे मी प्रामाणिकपणे सांगू शकतो. कप मोजके होते, एवढेच कारण. पण मोजक्या वस्तू कोणाच्या वाट्यास याव्यात हे न सांगता, न ठरविता सर्वांना आधीच ठाऊक असते. पोऱ्या ट्रे घेऊन आला तेव्हा त्याला कोणाकडे जावयाचे हे विचारावे लागले नाही. त्या दिवसापासून बाळूंच्या चरित्रातील परळाची गोष्ट मी इतिहास म्हणून वाचू शकत नाही.

आता कर्णधारपदाविषयी. १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ येऊन मुंबईची स्पर्धा चौरंगी झाली. तीत वर्षानुवर्षे हिंदूंचा सर्वश्रेष्ठ गोलंदाज बाळू. विलायतेहून नाव कमावून आलेले तेच. अनुभवाने वडील तेच. कर्णधार मात्र दुसरा. १९१३ मध्ये तो मान एम. डी. पै यांना मिळाला. पै मोठ्या मनाचे गृहस्थ. आपल्याच सत्कारात त्यांनी सांगितले की, हा मान ज्येष्ठ म्हणून बाळूंचा होता. असा अधिकारी ज्याने आपल्या सेवेत एक तरी पाहिला असेल त्याने मला कळवावे. मी तरी पाहिलेला नाही. परंतु पैंच्या औदार्याने यादी बदलली नाही.

१९२० मध्ये गोष्ट निकरास आली. बाळूंना संघातूनच वगळले. पै आजारी असल्याने कर्णधारपद रिकामे झाले, आणि विठ्ठल पालवणकरांसारखा कसलेला फलंदाज असताना ते त्यांच्याहून कनिष्ठ अशा देवधरांस देण्यात आले. देवधरांच्या योग्यतेविषयी कोणास शंका नाही. पण त्या दिवशी योग्यता हा निकष नव्हता. विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून आपली नावे काढून घेतली आणि कारण जाहीरपणे सांगितले. आम्हाला वगळण्यामागे खेळ नसून जात आहे, असा त्याचा आशय होता. शहरात खळबळ उडाली. पुढच्या सामन्यास पै परतले. बाळूंना उपकर्णधार करून बोलावण्यात आले, भाऊ परत आले, आणि खेळ चालू असता पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, जेणेकरून बाळूंना संघाचे नेतृत्व करता यावे. दोन तपे वाट पाहणाऱ्या पंचेचाळिशीतल्या माणसाच्या वाट्यास कर्णधारपद आले ते असे, काही घटकांचे, आणि एका सज्जनाने दार लोटून घेतल्यामुळे. १९२३ मध्ये विठ्ठल हिंदूंचे कर्णधार झाले आणि युरोपियनांना हरवून त्यांनी स्पर्धा जिंकली. लोकांनी त्यांना खांद्यावर घेतले. ज्या खांद्यांवर ते बसले त्यांतील काही खांदे तीस वर्षांपूर्वी त्यांच्या स्पर्शाने अंघोळ करीत.

बाळूंच्या उत्तरायुष्याविषयी लिहिताना लेखणी जरा अडखळते. १९३२ मध्ये येरवड्यास गांधींनी उपोषण केले आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला, त्यावर आंबेडकरांच्या सहीबरोबर पालवणकर बाळू यांचीही सही आहे. स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर ते आंबेडकरांच्या बाजूचे नव्हते. १९३५ मधील धर्मांतराच्या घोषणेलाही त्यांचा विरोध होता. कराराच्या दुसऱ्याच वर्षी, नोव्हेंबर १९३३ मध्ये, गांधी हरिजन-दौऱ्यावर रायपुरास आले. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत आंबेडकरांच्या विरुद्ध बाळूंना उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. ज्या तरुणाने त्यांच्याकडे आदराने पाहिले होते, त्याच्याकडून त्यांचा पराभव झाला.

या निवडणुकीवरून बाळूंना कोणी भोळे म्हणतात, कोणी त्याहून कठोर शब्द वापरतात. मला ते पटत नाही. बाळूंचा आयुष्यभराचा अनुभव असा होता की, आपले काम चोख करीत राहिले, तक्रार न करता चेंडू टाकीत राहिले, तर दार कधीतरी किलकिले होते. पुण्यात बाहेर, मुंबईत आत. आधी गडी, मग उपकर्णधार. आणि धाकटा भाऊ कर्णधार. त्यांच्या दृष्टीने हा प्रवास खरा होता. आंबेडकरांनी त्याच प्रवासाकडे पाहून विचारले की, एवढा थोर खेळाडू असून त्याला एवढे थांबावे लागले, तर ज्याच्या हाती चेंडूही नाही त्याने किती थांबावे? माझ्यापुरते सांगावयाचे तर, या प्रश्नापुढे बाळूंचे उत्तर तोकडे पडते. पण तोकडे उत्तर देणाऱ्याने किंमत मोजली नव्हती, असे म्हणण्याचा अधिकार खुर्चीत बसून चहा घेणाऱ्या मला नाही.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईस बाळू निवर्तले. भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ चा, तेव्हा ते छप्पन्न वर्षांचे होते. म्हणून कसोटीपटूंच्या यादीत त्यांचे नाव नाही. प्रथम श्रेणीच्या नोंदीत आहे: ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१.

त्यांचे बंधू विठ्ठल यांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र १९४८ मध्ये मराठीत प्रसिद्ध केले. रायपुरात मला त्याची प्रत मिळालेली नाही. आपल्या वाचकांपैकी कोणाच्या घरी, वडिलांच्या अथवा आजोबांच्या कपाटात, ते असेल तर संपादकांमार्फत कळवावे. महिनाभरात परत करीन; जाण्यायेण्याचा टपालखर्च माझा.